एकोणीस वर्षांनी साथ

५ मार्च, गुरुवार

बुवा येताहेत.

इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होतो. लॉन्ड्रीतून सुटल्यावर अर्धा तास तरी कानात मशीनच घुमत असतं, त्यामुळे आधी नाव नीट ऐकूच आलं नाही. म्हणाले, "मंडळाला पंचवीस वर्षं झाली, मोठं गाणं ठेवलंय. बावीस तारखेला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण तयार झाले बघा! तबल्याला आपले दातांचे डॉक्टर. तानपुऱ्यावर बुवांची मुलगी. आणि पेटीला तुम्ही. तुमच्याशिवाय आहे कोण इथं?"

मी म्हटलं, "बघतो."

"बघतो काय? तुम्ही त्यांचेच ना? कुणीतरी सांगत होतं."

बस आली. सोडली. पुढचीही सोडली.

६ मार्च

कामावर दोनदा मशीनमध्ये चादर उलटी घातली. मुकादम नुसता बघत राहिला.

८ मार्च, रविवार

एकदा लिहून काढतो. बायकोला अर्धंच माहीत आहे, लेकीला तेवढंही नाही. ही वही घरात कुठंही पडली तरी धोका नाही. लेकीला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, आणि बायको म्हणते, तुमचं अक्षर औषधाच्या दुकानातच वाचतील.

अकराव्या वर्षी बुवांकडे गेलो. गायला शिकायला गेलो होतो. त्यांनी महिनाभर ऐकलं आणि म्हणाले, "गळा नाही रे तुझा. पण बोटं आहेत." त्यानंतर सोळा वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसून पेटी वाजवली. ते कुठं वळणार ते त्यांच्या खांद्यावरून कळायचं मला.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर या देशात दौऱ्यावर आलो. सहा गावं, सहा कार्यक्रम. शेवटचा याच शहरात. निवेदकानं बुवांचं नाव घेतलं, तबलजीचं घेतलं, माझं विसरला. खालून कुणीतरी आठवण करून दिली. तर बुवा हसून माइकवर म्हणाले, "असू दे हो. सावलीला कुठं नाव असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढं दोन तास कसं वाजवलं ते माझं मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी विमानतळ. सामान दिलं. पेटी बुवांची, तीही दिली. मग म्हटलं, "पाणी घेऊन येतो." बुवा म्हणाले, "लवकर ये रे बारक्या." मी दाराबाहेर पडलो. समोर बस उभी होती, तिच्यात चढलो. खिशात पासपोर्ट, पिशवीत दोन सदरे. पेटी घरी गेली आणि पेटीवाला इथं राहिला.

घरी कळवलं — वडिलांच्या औषधपाण्यासाठी राहिलोय. वडील आजारी होतेच, त्यामुळे कुणी उलट विचारलं नाही. इथल्या लोकांना सांगितलं — संधी मिळाली. एक गृहस्थ त्या कार्यक्रमात म्हणाले होते खरे, "तुमचा एकट्याचा कार्यक्रम करू." नंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

कागदपत्रं सरळ व्हायला सात वर्षं गेली. वडील तेवढे थांबले नाहीत.

११ मार्च, बुधवार

सेक्रेटरींना हो म्हटलं.

का म्हटलं ते विचारायचं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो आलं.

पण बोटाचं काय? सहा वर्षांपूर्वी रोलरमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. आमची हॉस्पिटलच्या चादरींची लॉन्ड्री. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरायची, तापल्या रोलरच्या तोंडाशी सारखी करायची आणि सोडून द्यायची. सोडायला अर्धा क्षण उशीर झाला. बोट राहिलं, पण वाकत नाही. मंडळातल्या भजनांना आणि वाढदिवसाच्या गाण्यांना चालून जातं. लोकांना कळत नाही.

बुवांना पहिल्या दोन सुरांत कळेल.

सुकवायचं मोठं मशीन काळी एकच्या किंचित खाली घुमतं. बुवांची पट्टी काळी एक. चौदा वर्षं रोज आठ तास मी बुवांच्या षड्जाच्या जरासा खाली उभा असतो. हे इथं कुणाला सांगणार? तिथले लोक मला 'म्युझिक' म्हणतात. पहिल्या वर्षी कुणाला तरी सांगितलं होतं की मी वाजवतो. "म्युझिक, चार नंबरची ट्रॉली आण." आणतो.

१४ मार्च, शनिवार

पेटी उघडली. भाता धुळीनं घट्ट झालेला. मऊ फडक्यानं पट्ट्या पुसल्या. मग चार बोटांची वाट शोधत बसलो. मधल्या बोटाचं काम शेजारच्यानं करायचं, म्हणजे सगळा हात आधीच सरकवून ठेवायला हवा. शिकाऊ पोरासारखं. सेहेचाळिसाव्या वर्षी.

लेक दाराशी येऊन उभी. ती तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. पंधरा वर्षं आमचं असंच चाललंय आणि बहुतेक वेळा भागतं.

"बाबा, तू घाबरलायस का?"

"जरा."

"तो माणूस तुला मारायचा?"

"नाही गं. कधीच नाही."

"मग?"

मी म्हटलं, मी त्यांना न सांगता निघून आलो होतो. ती म्हणाली, मग सॉरी म्हण, एवढं काय. आणि फोन बघत निघून गेली. तिच्या भाषेत सोपं आहे ते. एक शब्द, म्हटला की झालं. माझ्या भाषेत मला कुठून सुरुवात करायची तेच सापडत नाही.

तिच्या भाषेत — माझ्या भाषेत. इथला पासपोर्ट घेऊन आठ वर्षं झाली आणि अजून मी असंच लिहितोय.

१६ मार्च, सोमवार

सेक्रेटरींचा पुन्हा फोन. बुवांशी बोलणं झालं. "तुमचं नाव सांगितलं हो. तर म्हणाले, कोण हा? मनाला लावून घेऊ नका. वय झालंय, थोडं विसरत असतील."

लावून घेऊ नका!

विसरले असतील तर बरं, असं दिवसभर म्हणत होतो. संध्याकाळी लक्षात आलं की बरं वाटत नाहीये.

आई गेली तेव्हा अकरा दिवस घरी गेलो होतो. भाऊ म्हणाला, "बुवा रोज संध्याकाळी येऊन आईपाशी बसायचे. शेवटी शेवटी तिला दिवस-वार कळत नव्हते. विचारायची, आला का माझा मुलगा? बुवा सांगायचे, दौऱ्यावर आहे, येईल. मग शांत व्हायची." बुवांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. मी गेलो होतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत. तिथून त्यांचा रियाज ऐकू येत होता. पेटीवर कुणीतरी नवखा होता, सारखा मागे पडत होता. शिंपी म्हणाला, "कुणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "रस्ता चुकलो." त्याच गल्ल्यांत वाढलेला माणूस मी.

तिकडचे नातेवाईक म्हणतात, तुझं काय बाबा, तू आता तिकडचा. इकडचे विचारतात, तू मूळचा कुठला? दोघांनाही मी हसून उत्तर देतो. चांगलं हसता यायला लागलंय.

२० मार्च, शुक्रवार

आले ते. विमानतळावर मी गेलो नाही. शिफ्ट आहे म्हणून सांगितलं. शिफ्ट नव्हती.

२१ मार्च, शनिवार

आज भेटलो.

बुवा सेक्रेटरींच्या घरी वरच्या खोलीत उतरलेत. त्यांची मुलगी दार उघडायला आली. मी निघालो तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या घालायची. आता कपाळापाशी केस पिकलेत. "दादा," म्हणाली आणि बाजूला झाली. "वर आहेत बाबा. जा तुम्ही. मी चहाचं बघते."

जिना चढलो. पेटी हातात, म्हणून बरं. नाहीतर हातांचं काय केलं असतं?

बुवा केवढे लहान झालेत! खिडकीपाशी खुर्चीत, अंगात स्वेटर, पायांत कुणाचे तरी मोठे लोकरी मोजे. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तसाच राहू दिला बराच वेळ. मग म्हणाले,

"मिळालं का पाणी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या लेखी मी आत्ताच गेलो होतो. एकोणीस वर्षं मध्ये नव्हतीच.

"हो," म्हटलं. "मिळालं."

"बस मग. सूर दे."

दिला. त्यांनी षड्ज लावला. आवाज पातळ झालाय, कडेला कापरा येतो, पण जागा तीच. अगदी तीच. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. सगळं फार संथ गात होते. पूर्वी एका श्वासात जायचे तिथं आता थांबत होते, मला पुढचा सूर शोधायला वेळ मिळत होता. वयाचा परिणाम. मनात म्हटलं, नशीब माझं.

दातांचे डॉक्टर तबला घेऊन आले तेव्हा बुवा त्यांच्याशी नेहमीसारखं बोलले. ते खाली गेल्यावर मला म्हणाले, "बारक्या, मंगळवारी निघायचंय. पेटी नीट बांध. मागच्या वेळी पट्टा सुटला होता."

"हो बुवा. बांधतो."

आणि खरंच पट्टा ओढून बघितला.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी कागदी रुमाल काढून दिला. मला कळलंही नव्हतं की गरज आहे.

२२ मार्च, रविवार

दुपारी चारला कार्यक्रम. शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, मागच्या भिंतीवर मुलांची चित्रं. सव्वाशे माणूस. बायको आणि लेक तिसऱ्या रांगेत. सेक्रेटरींनी माझं नाव घेतलं. नीट, आडनावासकट.

तासाभरानं बुवांनी मारवा घेतला. मारव्यात षड्जावर यायला फार वेळ लावतात. घर समोर दिसतं आणि माणूस बाहेरच फिरत राहतो. सोळा वर्षं वाजवला, पण तेव्हा तो नुसता राग होता.

मध्येच बुवा थांबले. मला वाटलं शब्द विसरले. माझ्याकडे वळले, हात पुढं केला — "वाजव."

एकट्यानं. सोळा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. मी वाजवलं. चार ओळी ठीक गेल्या. मग वर चढताना त्या मेलेल्या बोटावर हात पडला आणि सूर गेलाच नाही. भोक पडलं मध्ये. हॉलमध्ये कुणाला कळलं नसेल. तेवढ्यात बुवांनी नेमका तोच सूर गळ्यात उचलला, जिथं माझा तुटला तिथून, जणू तसंच ठरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लेक नंतर म्हणाली, "तू आणि ते आजोबा बोलत होता का?" मी म्हटलं, "हो." "काय?" "ते सांगता येत नाही." तिनं चक्क मान डोलावली. माझ्या भाषेत म्हणाली, "बरं."

२३ मार्च, सोमवार

रजा घेतली. बुवांच्या मुलीला सेक्रेटरींच्या बायकोबरोबर बाजारात जायचं होतं. मला म्हणाली, "दोन तास बसाल का बाबांपाशी?"

बुवा संत्रं सोलत होते. सावकाश, एकेक धागा काढत. खिडकीतून ऊन येत होतं. मी समोर बसलो. आणि बोलायला लागलो.

ठरवून नाही. मनात आलं — यांना काही कळत नाहीये, यांच्यासाठी मी पाणी आणायला गेलो होतो आणि आलो. आत्ता नाही बोललो तर कधीच नाही. असं समोर बसून बोलता येईल आणि त्यांना लागणारही नाही, अशी वेळ दुसरी कुठली?

म्हटलं, बुवा, मी वडिलांसाठी राहिलो नाही. सगळ्यांना तसं सांगितलं, आईलाही. मी रागानं राहिलो. सावलीला नाव नसतं म्हणालात ना, त्यासाठी. चार शब्दांचंही भांडण न करता निघून गेलो. म्हटलं, मला वाटलं होतं की माझ्याशिवाय तुमचं अडेल. म्हटलं, बुवा, दोन वर्षं मी वाट बघितली. तुमचा आवाज बसल्याची बातमी येईल म्हणून. घरून फोन आला की आडून आडून विचारायचो, बुवांचं गाणं कसं चाललंय? चांगलं चाललंय म्हणाले की त्या दिवशी जेवण जायचं नाही. आणि तुम्ही मात्र पुढं माझ्या आईपाशी येऊन बसत होता.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. या वहीतही नाही.

म्हटलं, इथं मी चादरी धुतो. बोट गेलं. गेलं तेव्हा दुखण्याआधी बरं वाटलं, की चला, आता कुणी विचारणार नाही वाजवत का नाहीस.

बुवा खिडकीबाहेर बघत होते. हातातलं संत्रं थांबलं होतं. मग त्यांनी त्याचे दोन भाग केले, अर्धं माझ्यापुढं धरलं.

"गोड आहे. खा."

खाल्लं. बाजारातून मंडळी आली तेव्हा बुवा खुर्चीतच डोळे मिटून बसले होते.

२४ मार्च, मंगळवार

या वेळी विमानतळावर गेलो. बुवांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर शाल. त्यांची मुलगी कागद दाखवायला खिडकीपाशी गेली होती. मी खुर्ची धरून उभा.

भीती ही होती की आता म्हणतील, चल. पेटी कुठाय? म्हणतील. मी काय सांगणार होतो? पुन्हा पाणी आणायला जाणार होतो?

बुवांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू मागनं ये," म्हणाले. "घाई नाही."

मग खुर्ची पुढं गेली. शेवटच्या दारापर्यंत शालीचं टोक दिसत होतं.

२५ मार्च

कामावर. चार नंबर, सात नंबर, परत चार नंबर.

२९ मार्च, रविवार

बायकोला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. भाजी निवडत होती, ती निवडून झाली तरी तशीच बसली. मग म्हणाली, "बोललात ते बरं केलंत."

पण बोललो कुणाशी? ज्यांना सांगायचं होतं ते तिथं नव्हतेच. माफ झालं ते त्या सत्तावीस वर्षांच्या पोराला, आणि तेही पाणी आणायला उशीर केला एवढ्यापुरतं. या माणसाला, जो वाट बघत होता, जो शिंप्याच्या दुकानावरून परत फिरला, त्याला बुवांनी बघितलंही नाही. मी निवडलीच तशी वेळ. समोर कुणी नसताना कबूल केलं. पुन्हा एकदा दाराबाहेर पडून बसमध्ये बसलो.

पेटी कपाटावर ठेवली होती. लेकीनं खाली काढून तिच्या खोलीत नेली. कशाला, विचारलं नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

बुवांच्या मुलीचा फोन. पोचल्यापासून पहिलाच. बोलता बोलता मी विचारलं, बाबांच्या विसरण्यावर डॉक्टर काही देतात का? "कुठलं विसरणं?" ती म्हणाली. "काल पोरांना बसवून वीस चिजा सांगितल्या, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुम्हाला कोण म्हणालं?" मी पाण्याचं सांगितलं, पेटी बांधायचं सांगितलं. मग म्हणाली, "दादा, साथीला तुम्ही आहात हे कळलं त्या दिवशी बाबा म्हणाले होते, तो समोर यायला लाजेल गं. त्याची काहीतरी सोय करायला हवी."

म्हणजे सोमवारी दुपारी माझ्यासमोर बुवाच बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी. एकेक शब्द.